मालकी आणि वहिवाट : अमेरिकन महाविद्यालयांच्या कारभारविषयक निवेदनाचे परीक्षण

१

अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या चर्चेत ‘शेअर्ड गव्हर्नन्स’ ही संज्ञा इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे योजली जाते की, तिचा अर्थ सर्वांना ठाऊकच आहे असा वाचकाचा समज व्हावा. महाविद्यालयाचा कारभार विश्वस्त मंडळ, अध्यक्ष आणि अध्यापकवर्ग यांनी मिळून चालवावयाचा असतो, असा तिचा स्थूल आशय सांगता येईल. परंतु ‘मिळून’ या शब्दात नेमके काय येते, हा प्रश्न उपस्थित होताच एकवाक्यता संपते. विश्वस्त त्या संज्ञेचा एक अर्थ करतात, अध्यापक दुसरा करतात आणि न्यायालयाने तर तिसराच केला आहे. एकाच संज्ञेचे असे तीन अर्थ का संभवतात, याचे उत्तर या व्यवस्थेचा आधारग्रंथ मानल्या गेलेल्या १९६६ च्या निवेदनाच्या भाषेत शोधणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा प्रश्न अमेरिकेतील लिबरल आर्ट्स महाविद्यालयांच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे दिसतो. ही महाविद्यालये बहुधा लहान, निवासी आणि पदवीपुरतेच शिक्षण देणारी असतात. भाषा, तत्त्वज्ञान, इतिहास, गणित, निसर्गविज्ञाने व कला यांचे व्यापक शिक्षण विद्यार्थ्याला द्यावे, धंदेशिक्षण नंतर पाहता येईल, अशी त्यांची भूमिका असते. महाराष्ट्रातील वाचकाने येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. आपल्याकडील संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाची अभ्यास मंडळे व विद्यापरिषद ठरवितात. परीक्षा आणि पदवीही विद्यापीठाचीच. अमेरिकन लिबरल आर्ट्स महाविद्यालयाच्या डोक्यावर असे विद्यापीठ नसते. ते स्वतःच पदवी देते. म्हणून काय शिकवावे, कोणी शिकवावे आणि कोणास पदवी द्यावी, हे सारे प्रश्न त्या एका लहानशा संस्थेच्या आतच सुटावे लागतात. अध्यापकसंख्या मर्यादित असल्याने सर्व अध्यापक एका सभागृहात जमू शकतात आणि प्रतिनिधी न नेमता स्वतः मत देऊ शकतात. सहकारभाराची कल्पना कोठे शुद्ध स्वरूपात आढळावयाची असेल, तर ती येथेच आढळली पाहिजे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीतील ‘शेअर’ या क्रियापदाला परस्परांहून भिन्न असे दोन अर्थ आहेत. एखादी वस्तू तुकडे करून वाटली, म्हणजे प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र हिस्सा येतो. हा पहिला अर्थ. एखादी वस्तू न तोडता सर्वांनी मिळून वापरली, म्हणजे कोणाच्याच हाती स्वतंत्र हिस्सा येत नाही. हा दुसरा अर्थ. भाकरी वाटली जाते ती पहिल्या अर्थाने, आणि खोली दोघांत वापरली जाते ती दुसऱ्या अर्थाने.

मराठी या संदिग्धतेपासून सर्वस्वी मुक्त आहे असे नाही. ‘वाटून घेणे’ हा प्रयोग इस्टेटीलाही लागतो आणि दुःखालाही लागतो. मात्र जेथे हक्काचा प्रश्न येतो, तेथे मराठीने फार पूर्वीपासून वेगवेगळे शब्द राखून ठेवले आहेत. जमिनीची ‘वाटणी’ होते. विहीर ‘सामाईक’ राहते. वाटणी झाल्यावर भावाच्या शेतात काय पेरावे हे दुसऱ्या भावाने सांगावयाचे नसते. सामाईक विहिरीचे तसे नसते. तेथे पाण्याची पाळी लावावी लागते आणि गाळ काढावयाचा झाल्यास सर्वांना विचारावे लागते. याखेरीज तिसराही एक प्रकार आहे. जमीन एकाच्या नावावर असते, परंतु ती दुसऱ्याच्या ताब्यात, त्याच्या कसण्यात असते. यास ‘वहिवाट’ म्हणतात. गाव नमुना सात हा मालकीचा आणि नमुना बारा हा पिकाचा. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून आपण ‘सातबारा’ म्हणतो, पण त्या दोन नोंदी एक नव्हेत.

वाटणी, सामाईकपणा आणि वहिवाट हे तीन संबंध मनात ठेवून १९६६ चे निवेदन वाचले, तर त्यातील पुष्कळशा अडचणींचा उलगडा होतो. किंबहुना हे निवेदन एका ठिकाणी वाटणीची, दुसऱ्या ठिकाणी सामाईकपणाची आणि तिसऱ्या ठिकाणी वहिवाटीची भाषा बोलते, आणि आपण भाषा बदलली हे वाचकाला कोठेही सांगत नाही, हाच त्याच्यावरील मुख्य आक्षेप होय.

३

निवेदनाकडे वळण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी थोडक्यात पाहिली पाहिजे. अमेरिकेतील महाविद्यालयाची कायदेशीर मालकी कोणाची, याचा निर्णय १८१९ साली झाला. डार्टमथ महाविद्यालयास १७६९ मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली होती. १८१६ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते महाविद्यालय आपल्या नियंत्रणाखाली आणण्याचा प्रयत्न केला. विश्वस्तांनी दाद मागितली. महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी डॅनिएल वेब्स्टर यांनी त्यांची बाजू मांडली. सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी सनद हा एक करार आहे आणि राज्याला तो मोडता येत नाही, असा निर्णय दिला. या निर्णयाने खाजगी महाविद्यालये शासनाच्या हस्तक्षेपापासून सुरक्षित झाली. परंतु ज्या कायदेशीर देहाचे रक्षण झाले, तो देह विश्वस्तांचा होता. अध्यापक त्या देहाचे अवयव नव्हते. सातमधील नाव कोणाचे, हे येथे कायमचे लिहिले गेले.

बारामध्ये अध्यापकांचे नाव कसे लागले, याचे एक लवकरचे आणि बोधप्रद उदाहरण ओहायो राज्यातील ओबर्लिन येथील आहे. १८३३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था दोनच वर्षांत द्रव्याच्या टंचाईने डबघाईस आली. त्याच सुमारास सिनसिनाटी येथील लेन सेमिनरीतील गुलामगिरीविरोधी विद्यार्थी त्या संस्थेच्या चालकांनी चर्चेवर बंदी घातल्यामुळे बाहेर पडले होते. ते विद्यार्थी, त्यांच्या पाठीशी असलेले न्यूयॉर्कचे देणगीदार आणि प्रसिद्ध धर्मोपदेशक चार्ल्स फिनी ओबर्लिनला येण्यास सिद्ध होते. पण अट घालून. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा आणि विद्यालयाच्या अंतर्गत व्यवस्थेत विश्वस्तांनी हात न घालता ती अध्यापकांकडे ठेवावी, अशी ती अट होती. फेब्रुवारी १८३५ मध्ये प्रवेशाच्या प्रश्नावर विश्वस्तांची मते समसमान पडली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या जॉन कीप यांच्या निर्णायक मताने ठराव संमत झाला. अंतर्गत व्यवस्थेसंबंधीचा हा करार पुढे ‘फिनी कॉम्पॅक्ट’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, अध्यापकांना अधिकार मिळाला तो कोणत्याही व्यापक सिद्धान्तातून नव्हे, तर एका विशिष्ट कार्यासाठी : कोणास शिकवावयाचे, हा प्रश्न द्रव्य पुरविणाऱ्यांच्या व शेजाऱ्यांच्या भीतीवर अवलंबून राहू नये यासाठी. दुसरी अशी की, येथे ‘शेअर’ करण्याची भाषा नाही. विश्वस्तांनी अमुक क्षेत्रात हस्तक्षेप करावयाचा नाही, असा स्पष्ट नकार येथे आहे. ही वहिवाट आहे, पण ती कागदावर नोंदलेली आणि मोबदल्याच्या अटीवर मिळविलेली वहिवाट आहे.

पुढे १९१५ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स हा अध्यापकांचा संघ स्थापन झाला. तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्याचे पहिले अध्यक्ष होते. त्याच वर्षी संघाने काढलेल्या जाहीरनाम्यात अध्यापकाचा विश्वस्तांशी असलेला संबंध समजावून देताना न्यायाधीशाचा दृष्टान्त दिला होता. न्यायाधीशाची नेमणूक शासनाचा प्रमुख करतो, पण निकाल काय द्यावा हे तो सांगू शकत नाही. तद्वत् विश्वस्त अध्यापकाची नेमणूक करतात, पण त्याच्या विद्येवर त्यांची सत्ता नाही. नेमणारा आणि धनी हे एक नव्हेत, हा विचार यात स्वच्छपणे आला आहे. १९६६ च्या निवेदनाची तुलना या स्वच्छतेशी करावी लागेल.

४

१९६६ चे निवेदन तीन संस्थांनी मिळून तयार केले : अध्यापकांचा उपरोक्त संघ, अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन आणि विश्वस्त मंडळांची संघटना. पहिली गंमत येथेच आहे. अध्यापकांच्या संघाच्या कार्यकारिणीने ऑक्टोबर १९६६ मध्ये ते स्वीकारले आणि एप्रिल १९६७ च्या वार्षिक सभेने त्यास मान्यता दिली. इतर दोन संस्थांनी मात्र ते महत्त्वाचे पाऊल असल्याचे नमूद करून आपल्या सभासद संस्थांकडे त्याची शिफारस केली. ‘मान्यता’ आणि ‘शिफारस’ हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. मान्यता देणारा स्वतःला बांधून घेतो. शिफारस करणारा दुसऱ्याला वाचावयास सांगतो. सहकारभाराच्या या मूळ लेखावर दोन पक्षांची सही एकाच अर्थाने झालेलीच नाही. शिवाय ज्या संज्ञेचा हा आधार मानला जातो, ती ‘शेअर्ड गव्हर्नन्स’ संज्ञा निवेदनाच्या मजकुरात येत नाही. तेथे जबाबदारी वाटून घेण्याची, संयुक्त प्रयत्नाची आणि परस्परावलंबनाची भाषा आहे. ‘जबाबदारी’च्या जागी ‘कारभार’ हा शब्द वाचकांनी मागाहून घातला.

निवेदनाचा पहिला मोठा भाग संयुक्त प्रयत्नाविषयीचा आहे. महत्त्वाच्या कार्यात संस्थेच्या सर्व घटकांचा केव्हा ना केव्हा सहभाग असावा आणि त्या त्या बाबतीत ज्याची जबाबदारी अधिक, त्याच्या मताचे वजन अधिक असावे, असे येथे सांगितले आहे. अंदाजपत्रक, इमारती, अध्यक्षांची निवड या बाबी यात येतात. ही सामाईक विहिरीची भाषा होय. त्यानंतर विश्वस्त मंडळ, अध्यक्ष आणि अध्यापकवर्ग यांचे स्वतंत्र भाग येतात. हा क्रमच वाटणी सुचवितो. अध्यापकांच्या भागात तर क्षेत्रांची यादी आहे : अभ्यासक्रम, अध्यापनाचा विषय व पद्धती, संशोधन, अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या, आणि विद्यार्थिजीवनाचा शिक्षणाशी निगडित असलेला भाग. या क्षेत्रांत अध्यापकांची ‘प्रायमरी रिस्पॉन्सिबिलिटी’, म्हणजे प्राथमिक जबाबदारी, सांगितली आहे. परंतु विश्वस्तांच्या भागात क्रियापद बदलते. तेथे विश्वस्त मंडळ अध्यापनाचे व संशोधनाचे काम अध्यापकांकडे ‘सोपविते’ आणि स्वतःवर योग्य ती मर्यादा घालून घेते.

‘सोपविणे’ या क्रियापदाचा विचार करण्यासारखा आहे. ज्याचे असते तोच सोपवू शकतो, आणि सोपविल्याने त्याचे नाहीसे होत नाही. मर्यादा घालून घेण्याची क्रियाही कर्त्यावरच परतते. ती घालणारा आणि पाळणारा एकच. या एका परिच्छेदात वाटणी आणि सामाईकपणा हे दोन्ही अर्थ विरून जातात व उरते ती वहिवाट.

मराठी व्याकरणातील ‘अर्थ’ ही कल्पना येथे उपयोगी पडेल. क्रियापदाचे रूप जेव्हा केवळ वस्तुस्थिती सांगते तेव्हा त्यास स्वार्थ म्हणतात, आणि कर्तव्य वा योग्यता सांगते तेव्हा विध्यर्थ म्हणतात. निवेदनात दोन विधाने स्वार्थात आहेत. काही अपवाद सोडल्यास विश्वस्त मंडळ हीच संस्थेतील अंतिम सत्ता म्हणून चालते, हे एक. विवक्षित क्षेत्रांत प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची आहे, हे दुसरे. ही दोन्ही विधाने समोरासमोर आली म्हणजे काय करावयाचे? त्यांचा मेळ घालणारे वाक्य मात्र विध्यर्थात आहे. विश्वस्तांनी अध्यापकांच्या निर्णयाविरुद्ध आपला अधिकार अपवादात्मक परिस्थितीतच वापरावा आणि कारणे अध्यापकांना कळवावीत, अशा आशयाचे ते आहे. म्हणजे सत्ता आहे, जबाबदारीही आहे, आणि त्या दोहोंमधील न्याय तेवढा ‘असावा’ असा आहे. ‘अपवादात्मक’ म्हणजे किती वेळा आणि ते कोणी ठरवावयाचे, याविषयी मजकूर मौन पाळतो.

‘प्राथमिक’ हा शब्दही निरखून पाहिला पाहिजे. त्याचा एक अर्थ ‘मुख्य’ आणि दुसरा अर्थ ‘पहिला’. मुख्य जबाबदारी असणाऱ्याच्या मागे कोणी नसते. पहिली जबाबदारी असणाऱ्याच्या मागे दुसरा असतोच. अध्यापक तो शब्द पहिल्या अर्थाने वाचतात, विश्वस्त दुसऱ्या अर्थाने. दोघेही कोशानुसार बरोबर आहेत. विद्यार्थ्यांची गत तर आणखी निराळी. त्यांच्यासाठी स्वतंत्र भाग न करता शेवटी एक पुरवणी जोडली आहे आणि तीत त्यांच्या इच्छेची दखल घ्यावी असे म्हटले आहे.

५

शब्दांची ही चिकित्सा केवळ कोशकाराच्या कुतूहलाची नाही, हे १९८० मध्ये दिसून आले. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातील पूर्णवेळ अध्यापकांनी आपली संघटना करून सामुदायिक वाटाघाटींचा हक्क मागितला होता. राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याखाली व्यावसायिक ज्ञान असलेल्या नोकरांना तो हक्क आहे. व्यवस्थापकीय नोकरांना तो नाही. तेव्हा अध्यापक कोणत्या वर्गात बसतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निर्णय दिला. कोणते विषय शिकवावयाचे, ते कोणास शिकवावयाचे, उत्तीर्ण कोणास करावयाचे, हे सारे अध्यापकच ठरवितात. कारखान्याच्या भाषेत बोलावयाचे तर कोणता माल, कोणत्या अटींवर व कोणत्या गिऱ्हाइकांसाठी काढावयाचा हे तेच ठरवितात. म्हणून ते व्यवस्थापकीय आहेत, अशी त्यांची विचारसरणी होती. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी अल्पमताच्या निकालपत्रात याचा प्रतिवाद केला. अध्यापकांचा सल्ला घेतला जातो तो त्यांच्या विद्वत्तेमुळे. ते व्यवस्थापनाचे हस्तक आहेत म्हणून नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

या निर्णयाची विसंगती कोणाच्याही ध्यानी यावी. जी जबाबदारी अध्यापकांचे स्थान उंचावण्यासाठी सांगितली गेली, तीच त्यांना संघटनेचा हक्क नाकारण्यास कारण झाली. हा निर्णय एका विद्यापीठापुरता होता, तरी त्यातील युक्तिवाद लिबरल आर्ट्स महाविद्यालयांना अधिकच चपखल लागू पडतो. कारण जेथे अध्यापक अधिक ठरवितात, तेथे ते अधिक व्यवस्थापकीय. त्यानंतर अनेक खाजगी संस्थांनी अध्यापक-संघटनांशी वाटाघाटी नाकारल्या. २०१४ मध्ये श्रमसंबंध मंडळाने पॅसिफिक ल्युथरन विद्यापीठाच्या प्रकरणात एक नवी कसोटी लावली : अध्यापकांचा अधिकार कागदावर असून भागणार नाही, तो प्रत्यक्षात व परिणामकारक असला पाहिजे, हे दाखवून द्यावे लागेल. म्हणजे ‘प्राथमिक’ या शब्दाचा अर्थ शोधण्यासाठी नमुना बारामध्ये नाव असून पुरत नाही, पीक खरोखर कोण काढतो ते शेतात जाऊन पाहा, असेच मंडळाने सांगितले.

अध्यापक खरोखरच व्यवस्थापक असतात तेव्हा काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात उपलब्ध आहे. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आणि तिने १८८५ मध्ये काढलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाने ‘आजीव सभासद’ ही पद्धती रूढ केली. अल्प वेतनावर निदान वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देणारे अध्यापक हेच संस्थेचे चालक. संस्थेच्या नियामक मंडळातही त्यांना स्थान होते. येथे जमीन आणि कसणारा यांच्यात अंतर नव्हते. म्हणूनच तेथील मोठा वाद ‘कारभारात अध्यापकांना वाटा किती’ हा नव्हता. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ व सर्व कमाई संस्थेला द्यावी की बाहेरचे काम करून मिळकत करण्यास त्याला मुभा असावी, हा होता. त्या वादात लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. आगरकर राहिले आणि १८९२ मध्ये प्राचार्य झाले. मालकी कसणाऱ्याकडे आल्याने भांडणे मिटत नाहीत, हे यातून उघड होते. परंतु भांडणाचा विषय बदलतो. जो व्यवस्थापक आहे त्याला ‘मी संस्थेचे काय देणे लागतो’ असा प्रश्न पडतो. येशिवाच्या अध्यापकांना तो पडला नव्हता. ते व्यवस्थापनाशी वाटाघाटी करू पाहत होते. या दोन स्थितींतील भेद पॉवेल यांच्या निर्णयात हरवला, आणि तो हरवण्यास अध्यापकांच्या वाट्याविषयीची सैल भाषा पुष्कळ अंशी साहाय्यभूत झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

६

निवेदनाची खरी परीक्षा संस्थेच्या जीवनमरणाच्या प्रसंगी होते. व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर हे १९०१ मध्ये स्थापन झालेले स्त्रियांचे लिबरल आर्ट्स महाविद्यालय. ३ मार्च २०१५ रोजी तेथील अध्यापकांना आणि विद्यार्थिनींना सांगण्यात आले की, विश्वस्त मंडळाने महाविद्यालय बंद करण्याचे ठरविले असून येत्या ऑगस्टमध्ये ते बंद होईल. ग्रामीण भागातील लहान स्त्री-महाविद्यालयाकडे विद्यार्थिनींचा ओढा कमी झाला आहे आणि आर्थिक बाजू सावरता येण्यासारखी नाही, अशी कारणे देण्यात आली. ती सर्वस्वी निराधार होती असे नाही. परंतु ती कळली निर्णयानंतर. त्याच महिन्यात अध्यापकांनी एकमताने निर्णयाविरुद्ध ठराव केला. पण ठराव करणे एवढेच त्यांच्या हाती होते.

१९६६ चे निवेदन हाती घेऊन या प्रसंगाकडे पाहिले म्हणजे चमत्कारिक गोष्ट आढळते. अध्यापकांच्या प्राथमिक जबाबदारीच्या यादीत महाविद्यालय बंद करणे ही बाब नाही. अभ्यासक्रमातून एक विषय काढावयाचा तर अध्यापकांचे मत प्रधान. सर्व विषय एकदम काढावयाचे तर ते यादीबाहेर. संयुक्त प्रयत्नाच्या भागाच्या आधाराने अध्यापकांना आधी विचारावयास हवे होते असे म्हणता येते, पण तेथे त्यांच्या मताचे वजन किती हे सांगितलेले नाही. आर्थिक संकटासंबंधी अध्यापकांच्या संघाचे स्वतंत्र नियम आहेत हे खरे. पण ते संघाचे एकट्याचे आहेत, इतर दोन संस्थांनी त्यांची जबाबदारी घेतलेली नाही.

स्वीट ब्रायर वाचले ते निराळ्याच मार्गाने. माजी विद्यार्थिनींनी संघटित होऊन निधी उभारला. संस्था एका मृत्युपत्रानुसार धर्मादाय हेतूने स्थापन झाली असल्याने तो हेतू मोडता येणार नाही, या आधारावर त्या परगण्याच्या सरकारी वकिलाने दावा लावला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जून २०१५ मध्ये महाधिवक्त्यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. माजी विद्यार्थिनींनी १ कोटी २० लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले; अध्यक्ष व बहुसंख्य विश्वस्त बदलले; महाविद्यालय चालू राहिले. ज्या मजकुराने अखेरीस विश्वस्तांना अडविले, तो एका मृत स्त्रीच्या मृत्युपत्राचा होता. कारण त्यात विध्यर्थ नव्हता, आज्ञा होती.

७

निवेदनाच्या समर्थकांचे उत्तर येथे नमूद केले पाहिजे. ते असे म्हणतील की, परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या तीन संस्थांकडून एकच मजकूर तयार करवून घ्यावयाचा, तर थोडी संदिग्धता अपरिहार्य आहे. स्पष्ट मजकूर झाला असता तर तो कोणीच जवळ केला नसता. शिवाय महाविद्यालये लेखांवर चालत नाहीत, रूढीवर चालतात. दर महिन्याच्या अध्यापकसभेत अभ्यासक्रमाचा ठराव येतो, त्यावर वाद होतो, मत घेतले जाते आणि विश्वस्त बहुधा त्याला हात लावीत नाहीत. या समजुतीच्या व्यवहारातच सहकारभार नांदतो.

या उत्तरात तथ्य आहे; पण ते निवेदनाचे समर्थन नसून वहिवाटीचे समर्थन आहे. वहिवाट ही तुच्छ वस्तू नव्हे. ओबर्लिनच्या उदाहरणावरून तिचे सामर्थ्य दिसलेच आहे. परंतु वहिवाटीचे दोन नियम आहेत. ती सतत चालू राहिली पाहिजे आणि तिची नोंद झाली पाहिजे. जे अध्यापक सभेला येणे टाळतात, समित्यांचे काम कंटाळवाणे म्हणून प्रशासकांवर टाकतात, ते आपल्या हाताने शेत पडीक ठेवतात. आणि पडीक शेतात दुसऱ्याने नांगर घातला म्हणजे तक्रारीला जागा राहत नाही. उलट, अध्यापकांनी ही वहिवाट मालकी समजून चालणेही तितकेच धोक्याचे आहे. येशिवाच्या निर्णयात झालेला तोटा याच गैरसमजाचा होता. फरक इतकाच की तेथे तो न्यायालयाने करून घेतला.

मग निवेदनातून टिकाऊ असे काय उरते? सर्व चिकित्सेअंती एक कलम असे आढळते की ज्याचे मोल कमी करता येत नाही. ते म्हणजे अध्यापकांच्या मताविरुद्ध जावयाचे झाल्यास कारणे सांगितली पाहिजेत, आणि नेमणुका-बढत्यांच्या बाबतीत तर ती तपशिलाने सांगितली पाहिजेत, हे बंधन. ते विध्यर्थात असले, तरी ‘प्राथमिक’ किंवा ‘संयुक्त’ यांसारखे ते धूसर नाही. कारण दिले की नाही, हे पाहता येते; दिलेले कारण तपासता येते; आणि विद्येच्या संस्थेत कारण देण्याचे नाकारणे ही गोष्ट लाजिरवाणी ठरते. सत्ता कोणाची हा प्रश्न १८१९ मध्ये सुटला आहे आणि निवेदनाने तो पुन्हा उघडलेला नाही. परंतु सत्तेने कारण सांगावे, ही मागणी मालक आणि वहिवाटदार या दोघांनाही एकाच भाषेत बोलावयास लावते.

मात्र या कलमातही एक उणीव राहते. कारणे केव्हा सांगावयाची, हे त्यात नाही. स्वीट ब्रायरला कारणे मिळाली. ती निर्णयानंतर मिळाली. निर्णयानंतर सांगितलेले कारण हे समर्थन असते. निर्णयापूर्वी सांगितलेले कारण हा विचारविनिमय असतो. ‘कळवावीत’ या क्रियापदाला ‘आधी’ हे एकच क्रियाविशेषण जोडले गेले असते, तर निवेदनाने आपल्या नावाला शोभेल एवढे कार्य केले असते. ते न जोडल्यामुळे या लेखाची योग्यता कारभाराची घटना म्हणून नव्हे, तर कारभारासंबंधीची एक सदिच्छा म्हणून ठरवावी लागते. सदिच्छेवर चालणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांतील कित्येक उत्तम चालतात. परंतु सदिच्छा आटल्यावर अध्यापकाच्या हाती काय उरते, हे जाणून घेण्यासाठी त्याने निवेदनाकडे न पाहता आपल्या महाविद्यालयाच्या उपविधींकडे आणि अध्यापकसभेच्या कार्यवृत्तांकडे पाहावे. नोंद असलीच तर ती तेथे असेल.